तात्या, पिंगळा आणि दोनशे ग्रॅम

तात्यांच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याचं वजन सांगत. वस्तू काय आहे, कुणाची आहे, कशासाठी दिली, हे सगळं मागाहून. बारशाला गेले तर पाळण्यातलं मूल उचलून "तीन किलोला उलीसं कमी" असं सांगून मोकळे होत आणि मुलाची आजी "दृष्ट लावू नका वो तात्या" म्हणत मूल काढून घेई. मी भाड्याने खोली बघायला त्यांच्या वस्तीवर गेले, तेव्हा त्यांनी माझी पत्र्याची पेटी उचलली, जराशी वरखाली केली आणि म्हणाले, "अठरा किलो. त्यात निम्मी पुस्तकं." नाव विचारलं ते चहा झाल्यावर.

मी बारामतीची. बी.एस्सी. झाले आणि बावड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच आले होते आणि घरी फोन करायला रात्री रांग लागायची, त्या काळची ही गोष्ट. तात्या आणि काकू दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं, म्हणून एक खोली रिकामी होती. ती मी भाड्याने घेतली असं म्हणायचं, पण महिन्याभरात चूल एकच झाली आणि काकू मला "बाई" म्हणायचं सोडून "पोरी" म्हणायला लागल्या. तात्यांनी मात्र "बाई" शेवटपर्यंत सोडलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला एकेरी हाक त्यांच्या तोंडून निघत नसे.

त्यांचा थोडा ऊस, बाकी सगळी भाजी आणि पेरूची झाडं. आठवडी बाजाराला ते इंदापूर नाहीतर बारामती गाठत आणि तागडी घेऊन स्वतः विकायला बसत. दांडी बरोबर झाली की वरून दोन मिरच्या किंवा चार काड्या कोथिंबीर टाकायची, ही त्यांची रीत. गिऱ्हाइकाने "तात्या, राहू द्या की" म्हटलं तरी टाकायचे. "पारडं खोटं बोलत न्हाय बाई, मानूस बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या मापाबद्दल पंचक्रोशीत कुणाला शंका नव्हती. घरातही नव्हती. काकू म्हणायच्या, "हे तागडीम्होरं बसल्यावर देव जरी गिऱ्हाइक म्हनून आला तरी त्याला तेवढंच मिळंल." आणि लगेच पुढे, "लग्नात मला बघितलंच न्हाय ह्यांनी. हार घालताना हाराचं वजन करीत हुते." तात्या यावर मिशीत हसत आणि खरं-खोटं काही सांगत नसत.

घराच्या मागं विहीर, विहिरीवर जुनी चिंच आणि पलीकडे उभा ऊस. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. तात्या बाजारातून थकून आले होते आणि मागच्या ओट्यावर बसून पिशवीतली वजनं काढून लावत होते. मी पायरीवर बसून वह्या तपासत होते. इतक्यात चिंचेवर दोघी सवती भांडाव्यात तसा चिरचिराट सुरू झाला. काकू चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "आवं, दारात घुबड बोलतंय. हाकला की ते!" तात्यांनी दोनदा "हाऽड" केलं. चिरचिर थांबेना. मग वैतागून त्यांनी हातात होतं ते भिरकावलं. हातात होतं दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन.

पानं सळसळली, पंख फडफडले आणि सगळं शांत झालं. वजन पडल्याचा आवाज काही आला नाही. विहिरीत पडलं असतं तर डुबुक झालं असतं, जमिनीवर पडलं असतं तर धप झालं असतं. आम्ही तिघंही कान देऊन उभे होतो. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "झेललं त्यानं."

घुबडाला दगड मारू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. ते दगड वरच्यावर झेलतं म्हणे, ओढ्याकाठी घेऊन जातं आणि पाण्यात उगाळत बसतं. दगड जसजसा झिजतो, तसतसं मारणारं माणूस झिजतं. मी हसले. तात्याही हसले. शेजारच्या वस्तीवरचे आबा तर सकाळी धीर द्यायला आले, "दगुड असता तर काळजी हुती. लोखंड झिजायला किती वर्सं लागत्यात, हाय का इचार? तात्या शंभरी गाठतोय." काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लोखंड गंजतं, आबा." आबा चहा पिऊन गेले.

दिवाळी झाली आणि काकूंचं जेवण कमी झालं. आधी चतकोर, मग नुसता ताकभात. पोटात दुखतं म्हणत आणि हात शेकून पोटावर धरत. तात्या म्हणाले, बारामतीला दाखवून येऊ. त्या नको म्हणाल्या. एकदा कसंबसं स्टँडपर्यंत नेलं, तर एसटी समोर उभी असताना तिथेच फतकल मारून बसल्या. चारचौघांत तात्यांना काही करता येईना. "धरून बांधून न्यायला ती काय शेरडू हाय?" घरी परत आल्यावर ते मला म्हणाले.

कारण मला कळलं ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना. त्या खाली मान घालून बांधत होत्या, बोटं बारीक झाली होती. "पोरी, वजन मारलं त्यांनी. झिजायचं त्यांनी. मी देवीला सांगून ठिवलंय, त्यांच्या वाट्याचं मला दे म्हनून. तिनं ऐकलं. आता मी दवाखान्यात जाऊन बरी झाले, तर ते कुनावर जाईल?" आणि वर म्हणाल्या, "त्यांना सांगू नको." मी त्याच संध्याकाळी तात्यांना सांगितलं.

तात्यांनी हातातली पेरूची पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, ते घुबड न्हवतं. पिंगळा हुता. मला पक्कं ठावं हाय. पिंगळ्याची ही गोष्ट कुनी सांगत न्हाय, ही घुबडाची गोष्ट हाय. तिला एवढं दावून दिलं, की झालं." इतकं सोपं होतं ते. तर्काला धरून होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तर ते फारच आवडलं. माझ्याकडे पक्ष्यांचं एक जाड पुस्तक होतं, ते मी आणून दिलं. तात्यांनी ते तळहातावर तोललं. "आठशे ग्रॅम. पाखरांवर एवढं लिवलंय?"

पिंगळ्याचं पान उघडलं तर ते चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ह्योच. हेच डोळं." साळुंकीएवढा गोटीबंद पक्षी. राखी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, वर पांढऱ्या भुवया आणि पिवळेजर्द डोळे, घरातल्या लहान पोराने पाहुण्याकडे बघावं तसे रोखलेले. डोक्यावर शिंगं नाहीत, डोकं वाटोळं. माणूस दिसलं की मान खालीवर करतो, जणू नमस्कार घालतो. त्या दिवसापासून तात्या रोज दिवेलागणीला चिंचेखाली बाज टाकून बसू लागले. पिंगळा चार वेळा पंख मारतो, मग पंख मिटून खाली झुकतो, पुन्हा मारतो, असा झोके घेत उडतो, हे त्यांनी मला दाखवलं. ते पुस्तकातही होतं, पण पुस्तकात ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काकूंना चित्र दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. "हे बारकं हाय. ते कोंबडीएवढं हुतं." महिन्याने विचारलं तर घारीएवढं होतं आणि त्याला शिंगंही आली होती. मला विचाराल, तर त्या संध्याकाळी मी फक्त पंख पाहिले. अंधारात पंख सगळे मोठेच दिसतात.

मग तात्यांनी मला एका रविवारी निरवांगीला नेलं. तिकडे त्यांची बहीण दिलेली. ओढ्याच्या उंच दरडीत, कपारीच्या सावलीला, भर दिवसा एक खरंखुरं घुबड बसलेलं होतं. डोक्यावर दोन तुरे, डोळे नारिंगी आणि आकार असा, की आम्ही दोघंही नकळत दबक्या आवाजात बोलू लागलो. तात्यांनी लांबूनच त्याला तोललं. "किलोच्या वर भरंल." परत येताना एसटीत ते खुशीत होते. घरी आल्या आल्या त्यांनी काकूंना समजावलं, घुबड दरडीत राहतं, ओढ्याला राहतं. चिंचेच्या ढोलीत त्यांचा स्वतःचा हात कोपरापर्यंतसुद्धा जाईना, तिथं ते कसं मावणार? काकू म्हणाल्या, "ढोलीत ऱ्हातंय असं मी कवा म्हनलं? पावनं म्हनून आलं आसंल."

आवाजाचाही प्रयोग झाला. तात्या अंगणात उभे राहून दोन्ही आवाज काढून दाखवत. घुबडाचा खोल, विहिरीतून आल्यासारखा "हूंऽऽ हू" आणि पिंगळ्याचा "चिर्र चिर्र, चिवक चिवक." शेजारची पोरं जमत. काकू पोट धरून हसत आणि मग नुसतंच पोट धरून बसत. त्या हसल्या की तात्यांना वाटे, पटलं. पटलं नव्हतं. "ते आवाज बदलून बोलत आसंल," त्या झोपताना म्हणायच्या.

शेवटी पिंगळा स्वतःच साक्षीला आला. पोपटांपासून राखायला पेरूवर जाळी टाकली होती, तीत तो अडकला. तात्यांनी त्याला हळूच सोडवून उपरण्यात गुंडाळलं आणि तागडीच्या एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्या पारड्यात दुसरं तसलंच उपरणं टाकलं, कारण कापडाचं वजन पाखराच्या माथी मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शंभराचं वजन ठेवलं, तर पारडं जरासं पिंगळ्याकडे झुकलं. त्यावर पन्नासाचं टाकलं, तर पिंगळा वर गेला. तो उपरण्यातून तोंड काढून आम्हा तिघांना नमस्कार घालत होता.

"बघ," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तुझ्या डोळ्यांदेखत मापलंय. दीडशेबी भरत न्हाय. ते दोनशेचं वजन कसं उचलंल? तूच सांग."

काकूंनी पिंगळ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. अगदी शांतपणे म्हणाल्या, "मारुतीनं डोंगुर उचलला, तवा कुनी तागडी लावली हुती का?"

मी तर हात टेकले. तात्यांनी नाही. त्यांनी पिंगळ्याला चिंचेवर सोडलं आणि म्हणाले, ऊस तुटला की वजन सापडेल. आवाज आला नाही म्हणजे ते उसातच पडलं असणार, वाळल्या पानांच्या पाचटात. काकूंना पटवायचा आता तो एकच उपाय उरला होता. तोडणी होईपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं. मीही हो म्हणाले. आम्हाला दोघांनाही खऱ्या गोष्टीची फार खात्री होती.

ऊस तुटला. तात्यांनी पाचट पेटवू दिलं नाही. वाफ्या-वाफ्याने हाताने चाळलं. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसे. एक विळा सापडला, एका बांगडीचा तुकडा सापडला, कुणाची तरी हरवलेली किल्ली सापडली. वजन नाही. काकू भिंतीला टेकून बसावं तशा चिंचेला टेकून बसलेल्या असत. शेवटचा वाफा झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी म्हनलं न्हवतं?" त्या म्हणण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी ताकभातही सोडला.

त्यानंतर तात्या एकटेच बारामतीला जाऊन आले. बाजाराचा वार नव्हता. दोन-तीन दिवसांनी मी गोठ्यामागं गोवऱ्या आणायला गेले, तर ते फुटक्या माठापुढे उकिडवे बसले होते. माठात मिठाचं पाणी होतं आणि पाण्यात दोनशे ग्रॅमचं कोरं वजन. त्याला गंज धरावा म्हणून ते विटेने घासत होते, पुन्हा पाण्यात टाकत होते, पुन्हा घासत होते. मला पाहून हात थांबले.

"तागडीला हात लावून आजवर कुनाला फसवलं न्हाय, बाई," ते म्हणाले. "तुमी हितनं जावा. तुमी बघितलं, तर माझ्या हातनं हुयाचं न्हाय."

मी गेले.

मग नांगरट निघाली. नांगरामागून चालता चालता तात्या मध्येच वाकले आणि रानातून ओरडत आले, "आगं, सापडलं! सापडलं बग!" मी ओट्यावर होते. चिखलाने माखलेलं वजन त्यांनी काकूंच्या ओंजळीत ठेवलं आणि दुसरीकडे बघू लागले. मला वाटलं, आता त्या उलटून पालटून बघतील. जुन्याची एक कड चेपलेली होती, ती शोधतील. त्यांनी काही शोधलं नाही. पदराने चिखल पुसला, वजन कपाळाला लावलं आणि तात्यांना म्हणाल्या, "उसातच हुतं व्हय? मग मी उगाच देवीला तरास दिला." आणि हसल्या. "चला, कुठं न्यायचं तितं न्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची जीप आली. काकूंना पायरी चढवेना, म्हणून तात्यांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि सीटवर बसवलं. उचलल्यावर ते क्षणभर तसेच उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यभर हातात आलेल्या प्रत्येक गोष्टीचं वजन सांगणाऱ्या त्या माणसाने तो आकडा सांगितला नाही. त्यानंतर कुठलाच सांगितला नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं. पोटात गाठ होती. त्यांनी तात्यांना बाहेर बोलावून सांगितलं, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, दिवाळीत आणलं असतं तर काढता आली असती. तात्या "बरं" म्हणाले. डॉक्टरांना नमस्कार केला आणि काकूंना म्हणाले, "गोळ्या दिल्यात. बरं वाटंल." हेही त्यांनी चांगलं जमवलं. एकदा शिकलं की जमतं.

शेवटचे काही आठवडे काकूंची बाज चिंचेखाली असे. त्यांनीच हट्ट धरला होता. पिंगळ्याच्या ढोलीत तेव्हा पिल्लं होती आणि दिवस कलताच आई-बापाची धावपळ सुरू होई. काकू टक लावून बघायच्या. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पोरी, बारकंच हाय की ग हे. साळुंकीएवढं. अंगावर ठिपकं कसं बेतानं टाकल्यात बघ. आन् उडतंय कसं, झोका घेतल्यागत." जरा वेळाने म्हणाल्या, "ह्यांचं खरं हुतं. पिंगळाच हुता." तात्या उशाशी बसून वारा घालत होते. पंखा थांबला नाही. पिंगळ्यांनी आपलं भांडण सुरू केलं आणि काकू ते ऐकत पडून राहिल्या. पिल्लं उडून जायच्या आत त्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा तात्यांनी तळातला गाळ काढला. वजन तिथेही नव्हतं.

माझं लग्न झालं, मी बारामतीत आले, नोकरीही इकडे मिळाली. दोन-तीन वर्षांनी बाजारात तात्या दिसले. तागडी तीच, मिशी पांढरी. मी पाव किलो गवार मागितली. त्यांनी पारड्यात शंभराचं ठेवलं, आणखी एक शंभराचं ठेवलं, वर पन्नासाचं ठेवलं.

"तात्या, दोनशेचं कुठं गेलं?"

"हाय की. तिच्या फोटोम्होरं ठिवलंय. बाजारात आनत न्हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले. म्हणाले, तुमच्याकडून काही राहिलं नाही, पाखरू तुम्ही बरोबर ओळखलं होतं, रूप, जागा, आवाज, सगळं बरोबर होतं. तात्या दांडीकडे बघत होते. दांडी बरोबर झाली, तरी त्यांनी पारडं उतरवलं नाही.

"पाखरू वळखण्यात दसऱ्यापास्नं उन्हाळ्यापातुर येळ गेला, बाई," ते म्हणाले. "तिला पाखरू नको हुतं. वजन पायजे हुतं. ते हितं, म्हागच्या गल्लीत, कुठल्याबी दुकानात मिळत हुतं."

मग त्यांनी गवार माझ्या पिशवीत ओतली, वरून दोन मिरच्या टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाला काय देऊ?"